बत्तीसची जागा

मला एका जागी बसवत नाही. आजही पोळी तव्यावर टाकली की मी दारापर्यंत जाऊन येते, आणि पोळी करपते. लहानपणी तर आई म्हणायची, "या पोट्टीच्या ढुंगणाले सराटे टोचतात काय मालूम!" शाळेत हे फार महागात पडायचं. इतिहासाच्या तासाला मी बाकावर चुळबुळ करायची, मग सर उभं करायचे. उभी राहिले की या पायावरून त्या पायावर, मग सर बाहेर काढायचे. नववीचा निम्मा इतिहास मी व्हरांड्यातून ऐकलेला आहे.

राठोड सरांच्या वर्गातून मात्र मला कोणी कधी बाहेर काढलं नाही. तो वर्ग शाळा सुटल्यावर लिंबाखाली भरायचा, आणि तिथे शिकवायचे काय, तर कॉम्प्युटर. साल चौऱ्याहत्तर. आमचं गाव रिठदपासून दीड कोसावर, गावात विजेचा खांबसुद्धा आलेला नव्हता.

राठोड सर मानोऱ्याकडच्या एका तांड्यातले. गणित शिकवायचे. उन्हाळ्यात त्यांना शिक्षकांच्या वर्गासाठी नागपूरला पाठवलं होतं, आणि तिथे त्यांनी काचेपलीकडून कॉम्प्युटर पाहिला. पाहिला म्हणजे जेमतेम दोन घोट चहा होईल इतका वेळ. पण तेव्हापासून माणूस बिघडला. फळ्यावर त्रिकोण काढता काढता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "त्या यंत्राले फक्त दोनच गोष्टी समजते बरं का. हो अन् नाही. दिवा लागला तं एक, विजला तं शून्य. बाकी सारं जग त्यातूनच." नव्या गणितात दोनच अंकांची मोजणी एका धड्यात आली होती, तेवढा आधार त्यांना पुरला.

गावात हसायला लोकांना निमित्तच हवं होतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशातली गत. पण मला तो तास हवा होता. दिवसभर माझ्या डोक्यात जे भणभणत असायचं त्याला तिथे कुठेतरी काम मिळायचं. तो तास संपला की मी घरी पळत जायची, आणि त्या रात्री झोप लागायची. एवढं पुरे होतं मला.

दिवे नव्हते, म्हणून सरांनी आम्हालाच दिवे केलं. सहा जण ओळीने जमिनीवर बसवले आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा अडकवला. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. बसला तो विझलेला, उभा तो लागलेला. पितळी ताटलीत चिंचोका पडून टण आवाज झाला की एकवाल्याने हलायचं. बाकीच्यांनी शेजाऱ्याचा हात लागला तरच. नियम सगळ्यांना एकच. "हात लागला अन् बसला असशील तं ऊठ. उभा असशील तं खाली बस अन् पुढच्याले हात लाव. बाकी काही कराचं नाही. अक्कल तं मुळीच चालवाची नाही."

पहिला चिंचोका पडला की एक उठायचा. दुसरा पडला की एक बसून दोनला उठवायचा. तिसऱ्याला एक पुन्हा उठला की एक आणि दोन दोघं उभे, म्हणजे तीन. चौथ्याला दोघंही खाली आणि चार उभा. जेवढे उभे त्यांच्या पुठ्ठ्यांवरच्या आकड्यांची बेरीज करा, ताटलीतल्या चिंचोक्यांशी ताडून बघा. एक चिंचोका इकडचा तिकडे व्हायचा नाही. ओळीतल्या कोणाला काहीच माहीत नसतं, फक्त आपला शेजारी माहीत असतो, आणि तरी सगळ्यांना मिळून मोजता येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

मला एकची जागा हवी होती. दर चिंचोक्याला ऊठबस! ती जागा देवाने माझ्यासाठीच केली होती, म्हणजे आमच्याकडे देव असता तर. सरांनी ती जगदेवला दिली आणि मला बत्तीसवर टाकलं. बत्तीसवाल्याने काय करायचं? बसायचं. अलीकडचे पाचही जण उभे झाले आणि त्यावर आणखी एक चिंचोका पडला, तर एकदा उठायचं.

"सर, मले एक द्या ना. जगदेवले दम लागते."

"नाही. तू बत्तीस."

"काहून पन?"

"तुले बसता येत नाही म्हनून," सर म्हणाले. "ज्याले बसता येते त्याले बसवून काय फायदा?"

हे त्यांनी सांगितलेलं कारण. मला त्याच्या मागे दुसरं दिसत होतं. शेवटच्या माणसाला शेजारी एकच असतो, आणि त्याला स्वतः कोणाला हात लावावा लागत नाही.

माझ्या आईवडिलांनी मी जन्मायच्या आधीच दीक्षा घेतली होती. छप्पनला गावातले आमचे सगळे लोक बौद्ध झाले, घरातले देव गेले. पण गावाने काही दीक्षा घेतली नव्हती. गाव होतं तिथेच होतं.

माझा एकुलता एक शेजारी, सोळाच्या जागेवरचा, होता पंजाब. माणिकरावांचा मुलगा. माणिकराव शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, शाळेची जागा त्यांची, आणि माझा बाप ग्यानबा त्यांच्याकडे सालदार. पहिल्या दिवशी यंत्र छान चाललं. ओळीतल्या खेमाने शेजारच्या लीलाच्या खांद्यावर थाप मारली, लीला खिदळत उठली. मग पंजाबची पाळी आली. तो खाली बसला, माझ्याकडे वळला, हात उचलला, आणि तो हात हवेतच राहिला. मग त्याने त्याच हाताने कान खाजवला. मी उठले नाही, कारण मला हात लागलेला नव्हता. "आज इतकंच," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या घेऊन आले, हातभर तोडलेल्या, सगळ्यांना एकेक. "पोरं-पोरी एका ओळीत हायेत, काडीनं लावत जा." काल खेमाने लीलाला हात लावला तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नव्हतं. पण सगळ्यांनी काड्या उचलल्या, मीही. राठोड सर चांगले होते. चांगली माणसं अशा वेळी काडी शोधून आणतात.

एकदा माणिकराव लिंबाखाली आले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "मास्तर, गावात लाइट नाही अन् तुमी उठाबशा काढून कॉम्प्युटर शिकवून राह्यले. गावं हसतात ना आमाले." सरांनी समजावून पाहिलं. माणिकरावांनी हात झटकला. "मले नका सांगू. अकोल्याचे तपासनीचे साहेब येऊन राह्यले. त्याइले दाखवा. बरोबर मोजलं तं ठेवा चालू, चुकलं तं त्याच दिवशी बंद."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. मी जेवताना उठायची, झोपेत उठायची, आणि लिंबाखाली तेवढी बसायची. बसून बसून मांड्यांत मुंग्या यायच्या. "हलू नको," सर म्हणायचे, आणि ते स्वतः मात्र ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचे.

साहेब आले ते रिठदपर्यंत एस.टी.ने, आणि तिथून माणिकरावांच्या बैलांच्या दमणीतून. दमणी हाकत होता माझा बाप. बारीक चणीचे साहेब, खिशाला दोन पेनं. सगळी शाळा मैदानात बसवलेली, समोर खुर्च्या, आणि खुर्च्यांसमोर आम्ही सहा जण गळ्यात पुठ्ठे घालून. बा फाटकापाशी बैलांची वेसण धरून उभा होता. माणिकराव जेवणाची तयारी बघायला घरी गेले होते, "तुमी करा सुरू" म्हणून.

सरांनी साहेबांच्या हातात चिंचोक्यांची ओंजळ दिली. "तुमच्या मर्जीनं टाका साहेब. किती ते कोनाले सांगू नका."

टण. जगदेव उठला. टण. जगदेव बसला, दोन उठला. साहेब हळूहळू खुर्चीच्या पुढच्या कडेवर आले. अठरा-वीस चिंचोके झाले असतील, पंजाब उभा होता, मधले काही खाली होते, आणि इतक्यात माणिकराव फाटकात आले. नवा फेटा बांधून.

मोठं माणूस फाटकात दिसलं की आमच्या शाळेत उठायचं. हे कोणी शिकवत नाही, ते पायांतच असतं. मुख्याध्यापक उठले, मागची सगळी शाळा उठली, आणि आमच्या ओळीतले जे खाली होते तेही उठले. पंजाब उभाच होता, तो बापाला पाहून आणखी ताठ झाला. त्या गडबडीत त्याची काडी कोणाच्या तरी पायाखाली आली आणि कट्कन मोडली.

एरवी उठायला निमित्त शोधणारी मी. माझेही पाय आपोआप जमिनीवर टेकले होते. पण मला काडी लागलेली नव्हती. मी बसून राहिले. एवढ्या मैदानात मी एकटी.

फाटकापाशी बा डोळ्यांनी सांगत होता, ऊठ, ऊठ.

माणिकराव माझ्यासमोर येऊन थांबले. "ही पोट्टी कोनाची हाय? ग्यानबा, तुहीच ना रे?"

"हो जी, मालक. वच्छे, ऊठ ना वं!"

"मले काडी नाही लागली," मी म्हणाले. आवाज कापत होता. भीतीने कापत होता असं त्यांना वाटलं असेल. मला राग आला होता. एवढी मोठी शाळा, इतके दिवसांचा सराव, आणि एका फेट्यासाठी सगळी मोजणी पाण्यात!

"काय म्हणते ही?" साहेबांनी विचारलं.

राठोड सरांचा चेहरा पांढरा पडला होता. पण उत्तर त्यांनी सरळ दिलं. "साहेब, यंत्र कोनासाठी उठत नसते. बाकीचे सारे माणसं झाले. ही तेवढी यंत्र राह्यली."

"म्हणजे मोजणी चुकली?"

"चुकली."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. माणिकराव काही बोलणार, तेवढ्यात साहेबांनी चिंचोके पुन्हा ओंजळीत भरले. त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा होता. "पुन्हा करू. आणि अध्यक्षसाहेब, मी अर्ध्यावर आलो की तुम्ही पुन्हा एकदा फाटकातून या. बघू तरी, यंत्र आहे की मुलं."

शाळेचं अनुदान साहेबांच्या अहवालावर होतं. माणिकराव हसले, पण फक्त दातांनी. "येतो की. काय त्यात!" असं म्हणून ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. माझ्या बापाच्या शेजारी, बैलांपाशी.

टण. टण. टण. साहेबांनी खूण केली आणि माणिकराव आत आले. मुख्याध्यापकांनी हाताने दाबून सगळ्या शाळेला खाली बसवलं होतं. कोणी उठलं नाही. पंजाबची पाळी अजून यायची होती, तो बसलेला. त्याचा बाप चार पावलांवरून गेला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी गवत धरलं होतं, उपटून येईल इतकं घट्ट. माणिकरावांनी असा प्रवेश जन्मात केला नसेल. कुठे बघावं ते त्यांना सुचेना. खुर्चीवर न बसता ते ओळीच्या बाजूला उभे राहिले.

आणि मग, काय सांगू, ते मोजायला लागले. ओठ हलताना मला दिसत होते. "बारा... तेरा... आता हा बसन..." सोळाव्याला पंजाब उठला तेव्हा त्यांची छाती फुगली. "सोया! बराबर!" पुढच्या प्रत्येक टणला त्यांची मान ताटलीकडून जगदेवकडे आणि जगदेवकडून पंजाबकडे फिरत होती. हा मनुष्य महिनाभर आमच्यावर हसला होता.

शेवटी ओळीतले पाचही जण उभे झाले. एकतीस. बसलेली फक्त मी.

टण.

जगदेव बसला, दोनला काडी लागली. दोन बसला, चारला लागली. चार बसला, आठ बसला, पंजाबला काडी लागली, पंजाब बसला. माझ्याकडे वळला. आणि मग त्याला आठवलं की आपल्या हातात काडी नाही.

त्याने हात उचलला. तो हात हवेत राहिला.

आता मला उठता आलं असतं. माझीच पाळी आहे हे मला ठाऊक होतं, पंजाबला ठाऊक होतं, मैदानातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मी गुपचूप उठले असते तर बत्तीस बरोबर आलं असतं, वर्ग वाचला असता, माझा तास वाचला असता. आणि पंजाबला मला कधीच हात लावावा लागला नसता. पिंढऱ्या ठणकत होत्या. सगळं अंग ऊठ ऊठ म्हणत होतं, आणि बा फाटकातून म्हणत होता तेही तेच. मी हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि मातीकडे बघत बसले. इतका वेळ मी आयुष्यात कधी बसले नव्हते. सर ऊठ म्हणाले असते तर मी उठले असते, आणि मग त्यांना जन्मभर माफ केलं नसतं.

"यंत्र अडलं का हो?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या चिमटीत पुढचा चिंचोका होता.

सरांनी खाली घातलेली मान वर केली. "सोळानं बत्तीसले हात नाही लावला अजून, साहेब," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पंजाबचा हात कानाकडे निघाला.

"अबे लाव ना हात!" माणिकराव ओरडले. "बत्तीस झाले ना! काय पाहून राह्यला डोये फाडून?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पण शब्द निघून गेला होता, आणि तो अख्ख्या शाळेसमोर निघाला होता. पंजाबने माझ्या खांद्याला हात लावला, तापल्या तव्याला लावावा तसा. लावला आणि काढला.

मी उठले.

पाचही जण खाली होते. मागची शाळा खाली, साहेब खुर्चीत, आणि त्या सगळ्यांमध्ये मी उभी, गळ्यात बत्तीसचा पुठ्ठा. साहेबांनी चिमटीतला चिंचोका खिशात टाकला. "इथंच थांबू," असं म्हणून त्यांनी ताटलीतले चिंचोके मांडीवर घेतले आणि मोजले. बत्तीस. माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "म्या मोजतच होतो ना!" मैदानभर टाळ्या झाल्या. वर्ग चालू ठेवा, असं साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले. राठोड सर माझ्याकडे न बघता डोळे पुसत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मैदानाला चकरा मारत धावत सुटावंसं वाटत होतं. मी धावलेसुद्धा.

धावत ऑफिसच्या मागे वळले, तर तिथे रांजणापाशी पंजाब होता. हाताला माती चोळत होता. मनगटापर्यंत, बोटांच्या फटींत, नीट. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला पाहून त्याने नजर खाली घातली, आणि आणखी एक गडवा पाणी हातावर घेतलं.

मी तिथूनच परत फिरले. खांद्याची ती जागा मात्र घरी जाईपर्यंत जळत होती.

रात्री जेवताना बा म्हणाला, "उठली असती तं का झिजली असती काय?" मी भाकरीचे तुकडे करत राहिले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मालक इचारत होते, पोट्टी कितवीत हाय म्हनून." आणि त्याने आपल्या ताटातली वांग्याची फोड माझ्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. सर लिंबाखाली आले, काखेत पऱ्हाटीच्या नव्या काड्यांची जुडी. मी उठून त्यांच्यासमोर गेले.

"सर, काड्या नको."

सरांनी जुडी दुसऱ्या काखेत घेतली.

"काल बिनकाडीचं जमलं ना? मंग? अन् मले आज एकवर बसवा. दोनवर पंजाब."

जगदेव म्हणाला, "माही जागा काहून?" सरांनी त्याला हातानेच गप्प केलं. ते माझ्याकडे बघत होते, मग पंजाबकडे बघितलं, मग ऑफिसच्या दिशेला, जिथे रांजण होता. त्यांनी काल पाहिलं होतं की नाही मला माहीत नाही. त्यांनी काड्यांची जुडी लिंबाच्या बुंध्याशी टाकली.

"तुले आता बसता येते ना व? मंग एकवर कायले?"

"येते बसता. म्हनूनच."

मी एकचा पुठ्ठा गळ्यात घातला आणि बसले. पंजाब दोनचा पुठ्ठा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, अंग चोरून. त्याला नियम पाठ होता. एकवाला दर दुसऱ्या चिंचोक्याला खाली बसतो आणि दोनला हात लावतो. दर दुसऱ्या. सरांच्या खिशात चिंचोके खच्चून भरलेले होते.

टण. मी उठले.

पंजाबने एकदा रांजणाच्या बाजूला पाहिलं.

"सर," मी म्हणाले, "टाका ना दुसरा."